दादाची हिरवी बरणी

दादा गेला त्या दिवशी बरणीतलं पाणी कॉफीसारखं काळपट पडलेलं होतं. पाणी कसलं, जहाल ॲसिड ते! संडास धुवायचं ॲसिड आणि औषधाच्या दुकानातलं पेरॉक्साइड मिसळून दादाने घरीच बनवलेलं. तांब्याच्या पत्र्यावर शाईने सर्किट काढायचं, पत्रा त्यात बुडवायचा. शाईखालचं तांबं राहायचं, बाकीचं बरणी गिळायची. गिळून गिळून ती काळवंडली की माशांच्या टाकीचा पंप लावून तो तिच्यात हवा सोडायचा. मग रंग पुन्हा हिरवागार.

त्याच्या धाकट्या बहिणीला घरात धाकटीच म्हणायचे. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला जायची. दादा गेल्यावर तिने त्याच्या मागच्या खोलीतल्या कशालाही हात लावला नाही. पंप तर केव्हाच बिघडला होता. तरी बरणी रोज थोडी थोडी हिरवी होत चालली! धाकटीच्या अंगावर सरसरून काटा यायचा. भुताखेतांना हसणारी बाई, पण दारातून हळूच हाक मारायची, "दादा, आहेस का रे?" वेडी कुठली!

आणि इकडे आईचा खोकला. औषधं झाली, वाफारे झाले, खोकला हटेना. डॉक्टरबाई वैतागल्या. "अहो, यांच्या छातीत काहीतरी जळजळीत जातंय. असंच चाललं तर माझ्या हातात काही राहणार नाही." धाकटीला वाटलं, दादा गेला, आता आईही?

एक दिवस दुकानातली वीज गेली म्हणून ती भर दुपारी घरी आली. मागच्या खोलीतून बुडबुड ऐकू येत होती. तिने दार ढकललं.

आई बरणीवर वाकली होती. पंपाची नळी ओठांत धरून जीव खाऊन फुंकत होती. फुंकायची, खोकायची, पुन्हा फुंकायची.

"आई! अगं काय करतेस हे? विषारी वाफ आहे ती!"

"थांब गं, तळाशी अजून काळं आहे." आईने नळी सोडली नाही. "तोच म्हणायचा ना, हिला श्वास लागतो. त्या दिवशी माझ्या मांडीवर त्याचा श्वास अडकला आणि मी नुसती बघत बसले. साधं तोंडाने फुंकायचंही सुचलं नाही मला."

धाकटीला रडूच फुटलं. रागही आला, स्वतःचाच. इतके दिवस मेलेल्याला हाका मारत होती आणि जिवंत आई डोळ्यांसमोर झिजत होती! तिने आईच्या मुठीतून नळी सोडवली, खिडक्या उघडल्या, बरणी उचलून गॅलरीत नेऊन ठेवली.

आई रिकाम्या टेबलाकडे बघत राहिली. "मग आता तो गेलाच म्हणायचं का गं?"

"हो, आई," धाकटी म्हणाली आणि तिला घट्ट धरून बसली.