मातीशी अबोला

वैशाखातल्या दुपारी पत्रा बोलू लागतो. ऊन चढायला लागलं की एका कोपऱ्यात बारीकसा टिचका वाजतो, मग दुसऱ्या टोकाला त्याचं उत्तर, आणि बारा वाजेपर्यंत सगळं छप्पर तडतडायला लागतं, वरून कुणी मूठमूठ हरभरे भिरकावल्यासारखं. गुरुलिंगमामांची आठवण झाली की मला आधी हा आवाज ऐकू येतो. मग त्या आवाजाखाली भिंतीला पाठ टेकून बसलेले, गळ्यातल्या लिंगावर नकळत हात ठेवलेले, प्रत्येक टिचक्यासरशी डोळे किंचित मिटून घेणारे मामा दिसतात. तीस वर्षं त्या पत्र्याखाली काढलेला माणूस आवाजाला सरावला असेल असं कुणालाही वाटेल, पण ते कधीच सरावले नाहीत.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ, लातूरकडच्या निलंगा भागातले नावाजलेले गवंडी. त्यांची ओळख सांगायची तर चेहऱ्यापेक्षा हातांची सांगावी लागेल. रुंद तळवे, बोटांच्या पेरांत कायमची मुरलेली पांढरी माती, आणि बोलताना हवेतच काहीतरी सारवत असल्यासारखी फिरणारी डाव्या हाताची चार बोटं. माळवद घालावं ते त्यांनीच, असं पंचक्रोशीत म्हणत. खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर लिंबाचा पाला आणि त्यावर चोपून चोपून बसवलेली माती, असं ते छप्पर. मे महिन्याच्या सुट्टीत मी नांदेडहून एसटीनं जाई, तेव्हा बाहेर अंगण भाजत असताना मामांच्या माळवदाखाली मी आणि माझी मामेबहीण नंदा शहाबादी फरशीवर पोट टेकून लोळत असू. तो गारवा अंगाला न झोंबणारा, हळूच शेजारी येऊन बसणारा असा होता. नांदेडला आमच्या घरी पंखा होता आणि मला त्याचा फार तोरा होता. मामीनं एकदाही त्या पंख्याचं कौतुक केलं नाही याचा मला तेव्हा राग यायचा.

त्या छपरांचा एक रिवाज होता, आणि त्या रिवाजात एक चूक दडलेली होती. मृगाच्या आधी प्रत्येक घरमालक माळवदावर नव्या मातीचा थर देई, म्हणजे पावसाळ्यात गळत नाही. खरं तर नवा थर देण्याआधी जुना खरवडून काढायला हवा. पण खरवडायला दिवस जातो, माणसं लागतात, आणि जुनी माती पूर्वजांनी चोपलेली, मुरलेली. ती काढून टाकायला जीव होत नाही. म्हणून थरावर थर बसत गेले. आज्यानं घातलेल्या मातीवर बापाची माती, बापाच्या मातीवर लेकाची. हातभर जाड, काही ठिकाणी दोन हात. मामांना हे कळत होतं. ते मालकांना सांगत, मालक हसून म्हणत, "असू द्या अप्पा, भर हाय तर गार हाय," आणि मामा मुकाट्यानं वर चढून नवा थर देत. स्वतःच्या घरीही त्यांनी तेच केलं. दुसऱ्यांची छपरं करता करता आपलं खरवडायचं राहून गेलं. आळस म्हणा, सवय म्हणा.

मग ती भूकंपाची पहाट आली. गोल दगडांच्या भिंती आतल्या आत ढासळल्या आणि पिढ्यांनी रचलेली माती घराघरांत उतरली. मामा सोप्यात निजले होते, ते वाचले. मामीला त्यांनी हातांनी उकरून जिवंत बाहेर काढलं. नंदाला काढलं तेव्हा तिच्या केसांत त्याच सालच्या मृगाआधी त्यांनी दिलेल्या थराची माती होती. ती आणि मी एकाच वर्षी जन्मलो होतो. आईनं मला तिच्या मातीला नेलं नाही, ते तिचं बरोबर होतं की चूक हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर मामांनी मातीशी अबोला धरला. हा शब्द मी वापरते, त्यांनी कधी वापरला नाही. ते बोलून दाखवणाऱ्यांतले नव्हतेच. चोपणं, थापी, ओळंबा, सगळी अवजारं जुन्या गावाच्या ढिगाऱ्यात सोडून ते नव्या गावठाणात आले. सरकारनं बांधून दिलेल्या काँक्रिटच्या दोन खोल्यांत त्यांनी ज्वारीची पोती ठेवली आणि स्वतः शेजारी पत्र्याचं शेड मारून राहिले. त्यात विशेष काही नव्हतं, अर्ध्या गावानं तेच केलं. डोक्यावर जे येईल ते हलकं यावं, पडलं तर उचलता यावं, एवढाच तेव्हा लोकांचा हिशोब होता. तेव्हा तो बरोबरही होता.

पण ऋतू थांबून राहत नाहीत. उन्हाळा फाल्गुनातच उंबऱ्यावर येऊ लागला आणि मृग कोरडा गेला तरी उठेना. जमिनीच्या पोटातल्या भयासाठी उभारलेली घरं आभाळाकडून येणाऱ्या भयापुढे उघडी पडली. पत्र्याखालची दुपार म्हणजे चुलीवरच्या तव्याखालची जागा. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, कारण तोवर मी सरकारी अभियंता झाले होते आणि उष्णतेपासून बचावाचा आराखडा करणाऱ्या पथकात होते. आमच्या बैठका नांदेडला वातानुकूलित सभागृहात होत. पडद्यावर 'पारंपरिक शहाणपण' म्हणून एका माळवदाचं छायाचित्र दाखवलं जाई आणि साहेब लोक माना डोलवत. त्याच दुपारी आम्ही घरांच्या पाहणीचे अर्ज वाटत असू. अर्जात दोनच चौकटी होत्या, कच्चं आणि पक्कं. मातीचं छप्पर कच्चं, पत्र्याचं पक्कं. मामांच्या घरापुढे 'पक्कं' या चौकटीत खूण मी स्वतःच्या हातानं केली आहे. छपरांना पांढरा रंग देण्याच्या यादीत आधी कार्यालयं आली, मग शाळा, आणि घरांची पाळी येईतो रंग संपला.

अशा एका उन्हाळ्याच्या तोंडावर मामीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा जड झाली पण राहिली. दारापाशी बाज टाकली, तिच्यावर ती दिवसभर पत्र्याकडे पाहत पडून. काँक्रिटच्या खोल्याही तेवढ्याच तापत, तिथं नेऊन उपयोग नव्हता. मामांनी जमेल ते सगळं केलं. पत्र्यावर चुना फासला, तो वावटळींनी आठवड्यात मळवला. कडबा अंथरला, तो वाऱ्यानं नेला. पोती भिजवून टाकायचं ठरवलं, तर गावात पाणी टँकरचं, तेही आज आलं तर पुन्हा कधी ते नक्की नाही. मी मामीला नांदेडला चल म्हटलं. एकदाच म्हटलं. ती नको म्हणाली आणि मला सुटल्यासारखं वाटलं, हे आता लपवून काय उपयोग?

मामीला हवं होतं ते वेगळंच. तिला माळवद हवं होतं. तिच्याच अंगावर ते कोसळलं होतं, तिचीच लेक त्याखाली गेली होती, आणि तीच म्हणत होती की वर माती टाका. मी गेले तेव्हा मामा तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होते. ती जड जिभेनं म्हणाली, "अवो, एक खण तरी माळवद घाला की. गार पडून राहीन."

मामा फडक्याची कड सरळ करत राहिले.

"मला भ्या न्हाई वाटत," मामी म्हणाली. "तुमालाच वाटून राहिलंय."

हे वाक्य ऐकून मामांनी फडकं उचललं, पिळलं, पुन्हा ठेवलं. पिळताना त्यातून पाणी आलंच नाही.

मला राहवलं नाही. माझ्या पिशवीत पाहणीचे कोरे अर्ज होते. त्यातल्या एकाच्या पाठीवर मी तिथेच बसून आकृती काढली. लोखंडी नळ्यांचे चार खांब, त्यांना तिरके आधार, भिंतींशी काही संबंध नाही. भिंत पडली तरी छप्पर उभं राहील. वर फळ्या, पाला आणि मातीचा जेमतेम वीतभर थर. "दर साली खरवडायचं, मामा. वीतभराच्या वर जाऊ द्यायचं नाही. मी लिहून देते, याला काही होत नाही." मी सांगत होते आणि माझ्या आवाजात सभागृहातला तो समजावणीचा सूर उतरला होता, तो मलाच ऐकू येत होता.

मामांनी कागद उजेडाला धरला. बराच वेळ पाहिला. मग त्यांची डावी चार बोटं हलली, कागदावरून फिरली, आणि ते सहज, कामावर असल्यासारखे म्हणाले, "पन्हाळ हितं न्हाई. उत्तरंला पायजे. हितं पाणी तुंबंल."

मामीनं मान वळवली. तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर हसू आलं, दुसऱ्या अर्ध्याला ते पोचलं नाही. तीस वर्षांत मामांच्या तोंडून मातीकामाचा पहिला शब्द आला होता आणि मला वाटलं, झालं, आता हा माणूस उठेल, खांब रोवेल. मामांनी आणखी एकदा कागदाकडे पाहिलं. मग त्याच्या घड्या घातल्या, एक, दोन, तीन, आणि तो माझ्या हातात परत दिला. "बरं हाय चित्र," म्हणाले, "पर माझ्यानं व्हायचं न्हाई, बाई." आणि बादली घेऊन बाहेर गेले.

मी चिडले. परतीच्या एसटीत अहमदपूर येईपर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडले. दुसऱ्या गवंड्याला गाठावं हे मला सुचलंच नाही असं नाही. सुचलं. पण मामांच्या दारात दुसरा गवंडी उभा करायचा म्हणजे त्यांचा अपमान, असं म्हणून मी ते सोडून दिलं. नात्याचा मान आम्ही सगळ्यांनी मिळून फार छान राखला.

नंतर तीन आठवड्यांनी मामी गेली. दुपारीच. टँकर आला म्हणून मामा रांगेत उभे होते, पोती भिजवायला दोन घागरी मिळाव्यात म्हणून. परत आले तेव्हा मामी पत्र्याकडेच पाहत होती.

आम्ही लिंगायत, आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. खड्ड्यात तिला बसवलं, कपाळाला विभूती, मांडीवर बेलाची पानं. जंगम स्वामींनी मंत्र म्हटले आणि माणसं फावड्यांनी माती ओढू लागली. काळी, ढेकळांची माती धपधप पडत होती. मामा काठावर उभे होते, कोरड्या डोळ्यांनी. अचानक ते पुढे झाले आणि एकाचं फावडं धरलं.

"हळू रे," ते म्हणाले. "लई टाकू नका. थर पातळ ठिवा."

माणसं थबकली. कुणीतरी समजूत घालत त्यांना मागे घेऊ लागलं. मामांनी त्याचा हात झटकला. "एकदा ह्याच्याखालून काढलीय म्या तिला," ते म्हणाले, आणि खाली वाकून दोन्ही तळव्यांनी माती बाजूला सारू लागले. शेवटी मी आणि आणखी एकानं मिळून त्यांना उठवलं. त्यांच्या नखांत काळी माती गेली होती. मागून फावडी पुन्हा सुरू झाली, आधी हळू, मग नेहमीसारखी.

मामीच्या मरणाचं कारण गावच्या नोंदीत 'वार्धक्य' असं पडलं. पावसाळ्यात आमच्या पथकाचा अहवाल पुरा झाला, त्यात उष्माघातानं मृत्यू या रकान्यापुढे मामीच्या गावासाठी 'निरंक' लिहिलं होतं. खाली सह्या होत्या, त्यात माझीही. अहवाल वेळेत गेला याचं साहेबांनी कौतुक केलं आणि मी आभार मानले.

त्याला तीन उन्हाळे झाले. मामा अजून तिथेच राहतात. शेजारच्या गावांतून दोनतीन जण त्यांच्याकडे येऊन गेले, माळवद घालून द्या म्हणून, आता पुन्हा लोकांना ते हवं झालं आहे. मामा त्यांना चहा पाजतात आणि परत पाठवतात. दुपारी ते मामीच्या बाजेवर निजतात, ऐन उन्हात, अंगावर घाम वाहत. मी पंखा घेऊन गेले तर तो खोक्यातून काढलाही नाही. मामीनं जे सोसलं ते आपल्याला टळू नये, एवढीच बहुधा त्यांची मागणी उरली आहे. काळ सगळं विसरायला लावतो असं लोक सांत्वनाला येतात तेव्हा म्हणतात. मामांच्या दारी मात्र काळ दर वैशाखात येतो, बाजेच्या पायथ्याशी बसतो, मामी कुठं गेली म्हणून विचारतो. आणि मामांना दर वर्षी त्याला पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं.