सांब्राणीची धुरी

आशिष इस्पितळातून घरी आला, म्हणून आज आमच्याकडे उपकारस्तुतीची सभा होती. चर्चच्या मंडळीतली माणसं येणार होती. मी खुर्च्या मांडत होते आणि मधूनमधून पाळण्याशी जाऊन त्याची छाती हलतेय ना, ते बघत होते.

तो वेळेआधी जन्मला. घरात धूर नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, मी त्याला सांभाळणाऱ्या राजसबाईंना सांगितलंही होतं. पण त्या तंजावरच्या मराठी. बाळाचे ओले केस सांब्राणीच्या, म्हणजे ऊदाच्या, धुरीवर वाळवल्याशिवाय त्यांच्या लेखी न्हाणं पुरं होत नाही. मी ऑफिसच्या कॉलवर होते. बाहेर आले तर खोलीभर धूर, आणि आशिषचे ओठ निळे.

अतिदक्षता विभागाबाहेर बसून मी एकच म्हणत होते, प्रभू, दया कर. राजसबाईंना मात्र मी सोसायटीच्या गेटवरच अडवायला सांगितलं.

फोन वाजला. एजन्सीची सौम्या. "मॅडम, तक्रार देताय ना? दिलीत की राजसबाईंचं नाव यादीतून काढते. मग या भागात त्यांना कुणी बाळ सांभाळायला देणार नाही."

"थांब जरा."

माझा नवरा मंदार खिडकीशी उभा होता. "तनया, त्या खाली आल्यात. रोज येतात, वॉचमनला बाळाचं विचारतात आणि जातात."

"आणि मला आज सांगतोस?"

"आधी ऐकून घेतलं असतंस?"

मी खाली पाहिलं. गेटबाहेर, भिंतीच्या सावलीत त्या उभ्या होत्या. थोड्या वेळानं मी सगळ्यांसमोर देवाचे आभार मानणार होते. ती दया मी कमावली नव्हती. नुसती मागितली होती आणि मिळाली होती. ती घरात ठेवून घ्यायची आणि या बाईला दारावरून परत पाठवायचं?

"सौम्या, तक्रार नाही."

"मॅडम, नीट विचार करा."

"केलाय."

मंदार त्यांना वर घेऊन आला. त्या उंबऱ्याशीच थांबल्या.

"कण्णा बरा आहे ना, अम्मा? बाळाला हात नाही लावत. नुसता बघते."

"हात धुऊन या," मी म्हटलं. "आणि धूर पुन्हा कधीच नाही."

"आईचं धुपाटणं होतं, अम्मा. टाकून दिलं."

मी आशिषला त्यांच्या मांडीवर ठेवलं. माझी नजर काही त्याच्या छातीवरून हलेना. माणसं येऊ लागली तरी मी तिथून उठले नाही. नुकतीच आंघोळ झाल्यामुळे त्याचे केस ओले होते. राजसबाईंनी पदर पुढे घेतला आणि कोरडे होईपर्यंत हलक्या हातानं टिपत राहिल्या.