एकाच पानावरच्या दोन मिंबा

मिंबा पळाली ती वर्तमानपत्र ऐकून. वाचून नव्हे, तिला वाचता येत नव्हतं, मलाही नाही. पण शनिवारी छापखान्यातून कागद बाहेर पडला की खानावळीच्या पायरीवर बसून कोणीतरी तो मोठ्याने वाचायचा, आणि मी त्याच पायरीखाली मासे तळत असायचे. पहिल्या पानावर इंग्लंडचा राजा, बाकीच्या पानांवर आम्ही. विकणे आहे, भाड्याने देणे आहे, पळून गेला आहे. आमच्या जाहिराती काढून टाकल्या असत्या तर पेटीग्रूसाहेबांना छापखान्याला कुलूप लावावं लागलं असतं. आणि छापखान्याला कुलूप लागलं असतं तर मळेवाल्यांची अर्धी झोप उडाली असती.

माझ्या आईने मरायच्या आधी पैसे भरून मला गुलामीतून सोडवून घेतलं होतं, म्हणून मी कोणाच्या मालकीची नव्हते. मिंबा डोंगरातल्या थॉर्नबरीच्या मळ्यावरची, त्याच्या घरची शिवणकाम करणारी. त्या शनिवारी ती भाजी विकायला खाली आली होती आणि माझ्यापाशी मासा खात उभी होती. वर वाचणारा म्हणाला, "विकणे आहे. शिवणात तरबेज बाई, नाव मिंबा. प्रामाणिक, शांत, कधीही पळालेली नाही. सहा वर्षांच्या मुलीसह अथवा मुलीशिवाय. चौकशी छापखान्यात करावी."

"मुलीशिवाय म्हणजे?" मिंबाने मला विचारलं.

"म्हणजे घेणाऱ्याला जसं परवडेल तसं."

तिने मासा काट्यापर्यंत संपवला, बोटं पुसली. मग म्हणाली, "जूबा, तुला पाच पोरं. सहावं कोणी मोजेल का?"

"मी स्वतःच मोजत नाही, दुसरं कोण मोजतंय."

सोमवारी ती लेकीला, फिबाला, घेऊन माझ्या दारात. माझा भाऊ क्वाको कासवं धरायला होडी घेऊन लांब जायचा. उत्तरेला समुद्र ओलांडला की क्यूबा, आणि तिथल्या पाद्र्याने डोक्यावर पाणी शिंपडलं की पळालेल्याला परत पाठवत नाहीत, हे इथल्या कुत्र्यांनासुद्धा माहीत होतं. पण क्वाको म्हणाला, "वारा उतरेपर्यंत होडी काढणार नाही. बुडालात तर माझ्या नावाने रडाल."

फिबा माझ्या पोरांत मिसळून गेली. मिंबाचं काय करायचं? बाजारात इनामाच्या आशेने डोळे लावून बसलेले काय कमी होते? आदल्याच आठवड्यात हातावर भाजल्याची खूण असलेल्या एका पिंपं बनवणाऱ्याला न्हाव्याने जाहिरात ऐकून ओळखलं होतं. त्याला साखळ्या घालून माझ्या चुलीसमोरून नेलं. न्हावी मागून हसत चालला होता. माझ्या कढईतला मासा जळून गेला, तरी मला समजलं नाही.

मिंबा विचारात पडली. "चौकशी कुठे करायची म्हणाले?"

"छापखान्यात."

"मग तिथे मला कोण शोधायला येणार?"

मी आधी हसले, मग घाबरले, मग पुन्हा हसले. पेटीग्रूबाईंना मी रोज मासळी द्यायचे. राज्यपालांच्या मेजवानीसाठी त्यांना झगा हवा होता आणि शिवणारी मिळत नव्हती. मी सांगितलं, लुसी गावची माझी मावसबहीण आहे, सारा नावाची, स्वतंत्र बाई, टाका बघून घ्या.

"स्वतंत्र असल्याचे तिचे कागद?" बाईंनी विचारलं.

"आणते ना बाईसाहेब, उद्या."

मिंबाने बाहीवर घातलेला टाका त्यांनी बोट फिरवून पाहिला, मजुरी ऐकली, आणि कागदाचं नाव पुन्हा काढलं नाही.

त्या आठवड्यात थॉर्नबरीची दुसरी जाहिरात आली. मासे देऊन मी स्वयंपाकघरात टेकले होते. जेवणघराचं दार उघडं होतं, आणि मिंबा खिडकीपाशी झगा शिवत होती. पुढच्या दातांत फट आहे म्हणून तिने तोंडावरून जबड्याला फडकं बांधलं होतं. विचारलं तर दाढ दुखते.

पेटीग्रूसाहेबांना मजकूर बायकोला वाचून दाखवायची सवय. "मिंबा नावाची उंच, सडपातळ बाई पळाली आहे. पुढच्या दातांत फट. पक्की लबाड, गोड बोलून खोटं पटवते, याआधीही दोनदा पळालेली. सोबत मुलगी."

"काय बायका असतात एकेक," बाई म्हणाल्या. "आमची सारा बघा. दाढ ठणकतेय तरी मान वर नाही."

मी कढईत तोंड घातलं.

साहेबांनी भुवया उंचावल्या. "याच बाईची विक्रीची जाहिरात तीन आठवड्यांसाठी दिली आहे त्याने. ती काढून टाकावी लागणार बहुतेक."

मिंबाने दोरा कात्रीने कापला. फडक्याआडून अगदी हळू म्हणाली, "साहेब, पैसे आधी घेतले असतील तर काढलेल्याचे परत द्यावे लागतात का?"

साहेब थबकले. परत देणे हा शब्द त्या घरात कोणी उच्चारत नसे. "छे. त्याने काढायला सांगितलेलं नाही. दोन्ही राहू देत."

आणि दोन्ही राहिल्या. एकाच पानावर, एकीला लागून एक. शनिवारी पायरीवरचा वाचणारा वाचता वाचता अडखळला. एक मिंबा प्रामाणिक, शांत, कधीही न पळालेली. शेजारची मिंबा पक्की लबाड, दोनदा पळालेली. दोन्हींखाली थॉर्नबरी. खलाशांनी ते पुन्हा वाचायला लावलं. फालमथचा एक डॉक्टर मिंबाला घेणार होता, तो भर खानावळीत थॉर्नबरीला म्हणाला, "यातली कुठली विकताय? मला डावीकडची चालेल." त्यानंतर बाजारात आम्हा बायकांत एकमेकींना डावीकडची आणि उजवीकडची म्हणायची टूमच निघाली.

सोमवारी थॉर्नबरी छापखान्यावर धावून आला. मी मासळी घेऊन दारातच होते, माझ्या अंगावरून आत घुसला आणि त्याच झटक्यात त्याच्या कोटाची बाही कडीत अडकून टरकन फाटली.

"तुम्ही मला गावात खोटारडा ठरवलंत."

"मी?" पेटीग्रूसाहेब शांतपणे म्हणाले. "मजकूर तुमचाच. त्यातला कुठला खोटा आहे ते सांगा, दुरुस्ती छापू. दुरुस्तीचे पैसे वेगळे."

आता काय सांगणार? पहिला खोटा म्हणावा तर डॉक्टरला फसवत होता, दुसरा खोटा म्हणावा तर बाई शोधणार कोण? तो लाल होत गेला. बाईंना पाहुण्याचा अपमान नको होता. त्यांनी कोट उतरवून घेतला आणि आतल्या खोलीत साराकडे धाडला.

त्या खोलीच्या भिंतीपलीकडे मिंबा, अलीकडे तिचा मालक, आणि मधे टोपली धरून मी. आतून कात्रीचा आवाज येत होता. मी टोपलीतले मासे मोजत राहिले.

कोट परत आला. थॉर्नबरीने तो चढवला, बाही उजेडात धरली. शिवण कुठे आहे ते दिसेचना. "कोण आहे ही?"

"आमची सारा," बाई अभिमानाने म्हणाल्या.

"माझ्याकडच्या त्या मिंबाला सात जन्मांत असा टाका जमला नसता. हिला मी नेतो, मजुरी काय ते सांगा. उद्या येऊन बघतो."

सात वर्षं त्याच्या अंगावरचा प्रत्येक कपडा मिंबानेच शिवला होता.

तो गेल्यावर मी आत गेले. मिंबा सुया गोळा करत होती. "ऐकलंस?" ती म्हणाली. "सात जन्मांत म्हणे." मग फडक्यात तोंड खुपसून ती हसली, आणि हसता हसता रडली. मी दाराला पाठ लावून उभी राहिले.

वारा पुरता उतरला नव्हता. पण क्वाकोला मी सांगितलं, बुडालात तर रडेन, थांबलात तर जास्त रडेन. पहाटे उजाडताना त्याने दोघींना होडीत कासवांच्या जाळ्याखाली झोपवलं. फिबाला उलटी होत होती आणि मिंबा तिला म्हणत होती, "आवाज नको, कासवं ओकत नाहीत."

मेजवानी जवळ आलेली आणि झग्याला एकच बाही. पेटीग्रूबाईंनी नवऱ्याचा जीव खाल्ला. त्याने स्वतःच्या पैशाने, म्हणजे फुकट, जाहिरात छापली: सारा नावाची बाई, दाढदुखी, काम अर्धं टाकून गेली, शोधून देणाऱ्याला इनाम. मला बोलावून विचारलं, कुठे गेली असेल? मी म्हटलं, लुसीला, साहेब, माहेरी. तेही छापलं. दोन महिने घोडेस्वार पश्चिमेला लुसीत जबडा बांधलेल्या बायका शोधत होते, आणि तिथल्या एका खरोखर दाढ दुखणाऱ्या म्हाताऱ्या मडमेला त्यांनी तीन वेळा अडवलं.

क्वाको परतला तो पाऊस संपल्यावर. सांगत होता, मिंबा तिथल्या चर्चमध्ये पाद्र्यांचे झगे शिवते, दार उघडं ठेवून, तोंड उघडं ठेवून. पेटीग्रूबाईंनी माझी मासळी बंद केली. मी त्यांच्या शेजारणीला देऊ लागले, थोडी महाग.