हौदावरची खोली

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवतो. पुढं कुणाला शिव्या घातल्या तर वाईट वाटून घेऊ नका. खरं तर या सगळ्यात शिव्या खायच्या लायकीचा माणूस एकच, आणि तो म्हणजे मी, सुदर्शन. वाळूजच्या कंपनीत स्टोअरकीपर. सिडको एन-नऊमध्ये स्वतःचं घर, आणि अख्ख्या गल्लीत सगळ्यात मोठा हौद.

आधी हौदाचं सांगतो. आमच्याकडं नळाला पाणी येतं आठव्या दिवशी. कधी नवव्या, कधी दहाव्या. ज्या दिवशी पाणी, त्या दिवशी माणूस लग्नाला जात नाय का मयतीला. मी मूळचा पाचोडचा. टँकरमागं पळताना माझी आई घागरीसकट पडली, तिचा पाय कायमचा वाकडा झाला, ते मी डोळ्यानं बघितलंय. तवाच ठरवलं, आपल्या घरी पाण्यासाठी कुणी पळणार नाय. म्हणून घर घेतलं तसा मागच्या मोकळ्या जागेत हौद खणला. बारा हजार लिटर! पाहुणे आले की मी चहाच्या आधी झाकण उचलून हौद दाखवायचो. बायको, तनुजा, कपाळाला हात लावायची. "अहो, लोक घर बघायला आलेत," म्हणायची.

मग सायली मोठी झाली. एकुलती एक पोर. सहा वर्षांची असताना म्हणाली, "पप्पा, मला माझी खोली पाहिजे." आता जागा कुठली काढायची? होती तेवढी हौदावरची. हौदाच्याच भिंतीवर विटा चढवल्या, हौदाच्या स्लॅबवर फरशी टाकली, पाणी काढायचं झाकण बाजूच्या बोळीत ठेवलं. सांडू मिस्त्री तवाच म्हणला होता, "भाऊ, आधी हौद रिकामा करा. आतून नीट लेप देऊ, मग वर बांधू." मी म्हणलो, "भरला हौद रिकामा करू? डोकं फिरलं का तुझं?" खोली झाली. पोरीनं दारावर स्वतःच्या हातानं नाव लिहिलं आणि आम्हाला सांगितलं की आत यायचं असलं तर आधी विचारायचं.

दोन वर्षांत कोपऱ्यात ओल आली. आधी नुसता तपकिरी डाग. मग पोपडे सुटले. मग काळे ठिपके, आणि पावसाळ्यात ते ठिपके एकमेकांत मिसळून कमरेएवढी काळी भिंत. कपाटातल्या युनिफॉर्मवर पांढरी बुरशी, वह्यांना कुबट वास. तनुजा रविवारी ब्रश घेऊन भिंत घासायची, पुढच्या रविवारपर्यंत ते काळं परत हजर.

मी काय केलं? शेजारच्या तात्यासाहेबांशी भांडलो. रिटायर्ड माणूस, सकाळी देवपूजा, संध्याकाळी फिरणं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांचं बाथरूम आमच्या भिंतीला लागून. मी गल्लीत उभा राहून ओरडलो, "तुमच्या बाथरूमच्या पाण्यानं माझं घर सडतंय!" बिचाऱ्यानं स्वतःच्या बाथरूमच्या फरशा उखडून दाखवल्या. खाली कोरडी ठणठणीत माती. मी माफी पण मागितली नाय. मला वाटलं, म्हातारा काहीतरी लपवतोय.

लपवत मी होतो. सांगतो आता, लाज सोडून. मी संध्याकाळी बोळीत जाऊन हौदात काठी घालायचो, पाणी कुठवर आहे त्याची खूण करायचो. सकाळी मोटर लावायच्या आधी परत काठी. कुणी थेंब वापरलेला नसायचा, तरी दोन बोटं कमी. रोज दोन बोटं. ते पाणी कुठं जात होतं हे काय मला कळत नव्हतं? पण हौद रिकामा करायचा म्हणलं की मी काहीतरी कारण काढायचो. उन्हाळ्यात म्हणायचो, आत्ता कसा रिकामा करणार, लोक घोटभर पाण्याला महाग झालेत. पावसाळ्यात म्हणायचो, आता सगळीकडंच ओल आहे. गणपतीत पाहुणे, दिवाळीत पाहुणे. असं करत तीन वर्षं काढली. काठीचं तनुजाला एकदाही सांगितलं नाय.

पोरीला खोकला लागला. मग श्वास लागायला लागला. तिला हॉलमध्ये झोपवलं, पण हॉलची मागची भिंत म्हणजे तिच्याच खोलीची भिंत. क्रांती चौकातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, तोंडात ओढायचा पंप दिला आणि सरळ विचारलं, "घरात ओल आहे? भिंतीला बुरशी?"

"नाय मॅडम," मी म्हणलो. "चांगलं स्लॅबचं घर आहे."

का म्हणलो? चार पेशंट बसले होते म्हणून! त्यांच्यासमोर कसं सांगू की माझ्या घराच्या भिंती सडल्यात? तनुजानं माझ्याकडं बघितलं. मग डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "आहे. भिंत काळी पडलीय." बाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि लिहायला घेतलं.

गेल्या मार्चमध्ये सायली शाळेतच पडली. ओठ निळे. दोन दिवस ऑक्सिजन. अकरा वर्षांची पोर, नाकात नळी, आणि मला विचारते, "पप्पा, तुमची ड्युटी बुडली का?" तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून सुटी झाली तर तनुजानं बॅग भरून आणलेलीच होती. तिचा भाऊ आकाश कन्नडला असतो, तो जीप घेऊन दारात उभा.

मी म्हणलो, "अगं, दोन दिवस थांब, मी मिस्त्रीला बोलावतो."

ती ओरडली नाय. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "तुम्ही पाणी सांभाळा. मी पोरगी सांभाळते."

दुसऱ्याच दिवशी मी हौदात मोटर टाकली आणि पाणी रस्त्यावर सोडलं. मार्च महिना, सात दिवसांपासून नळ नाय, आणि माझ्या दारातून पाणी वाहतंय. बाया बादल्या घेऊन पळत आल्या, पुरुषांनी मला नाय नाय ते ऐकवलं. मी मान खाली घालून मोटरीपाशी बसून होतो. हौद कोरडा पडल्यावर सांडू मिस्त्री आत उतरला. ज्या भिंतीवर खोलीची काळी भिंत चढवली होती, तिलाच तळापासून वरपर्यंत चीर. त्याचं बोट आत जात होतं.

"किती दिवसांची असंल?" मी विचारलं.

"ते तुम्हालाच ठाऊक, भाऊ," तो म्हणला.

त्यानं चीर भरली, लेप दिला, खोलीचं प्लास्टर उतरवून विटा उघड्या केल्या. आणि जाताना बजावून गेला, "भिंत पाच वर्षं पाणी पिलीय. एका उन्हाळ्यात वाळायची नाय. पुढचा उन्हाळा जाऊ द्या. लईच वाटलं तर नुसता चुना मारा. वरून प्लास्टर-ऑइलपेंट काही करू नका, पाणी आतच कोंडंल." मी म्हणलो, व्हय.

व्हय म्हणलो आणि काय केलं ऐका. सायली रोज फोन करायची. कन्नडची शाळा, मामाची गाय, धावण्यात दुसरा नंबर. दुसरा नंबर! माझी पोर धावत होती. आणि दर फोनला शेवटी तेच, "पप्पा, माझी खोली झाली का?" दसऱ्यानंतर मला राहवलं नाय. दिवाळीला अख्ख्या गल्लीत रंग लागतो, आणि माझी पोर सात महिन्यांनी घरी येणार, तिला काय चुन्याच्या खोलीत नेऊ? दुसरा गवंडी बोलावला. प्लास्टर करून घेतलं आणि वर ऑइलपेंटचे दोन हात, तिच्या आवडीचा आकाशी. भिंत अशी चकाकली की मी दारात उभा राहून एकटाच हसलो. फोन लावला. "झाली गं माय खोली. ये."

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी दोघी आल्या. सायली उंच झाली होती, गाल भरले होते. खोली बघून माझ्या गळ्यातच पडली. तनुजानं भिंतीला तळहात लावला. "गार लागतीय."

"नवा रंग आहे," मी म्हणलो.

दुपारी पुरणपोळी खाऊन सायली म्हणाली, "मी माझ्या खोलीत झोपते," आणि दार लावून घेतलं. मी ओट्यावर बसलो होतो. सांगतो तुम्हाला, सात महिन्यांत मला तेवढं बरं कधी वाटलं नव्हतं. मला वाटलं, मिटलं सगळं. आता तनुजाला थांब म्हणायचं, जानेवारीत शाळेचा दाखला परत आणायचा. तासाभरानं चहाला हाक मारली. उत्तर नाय. दार ढकललं.

पोरगी पलंगाच्या कडेला बसली होती. कोपरं गुडघ्यावर, खांदे वर-खाली. एका हातात पंप, दुसऱ्या हातानं उशी तोंडावर दाबलेली. खोकल्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

"माय!"

"काय नाय झालं," ती म्हणाली. मग श्वास घेतला. "झोप नाय आली फक्त." परत श्वास. "खोली... लई छान झालीय, पप्पा."

मी तिला उचलायला वाकलो तर तिनं माझा शर्ट धरला. "मम्मीला सांगू नका ना. तुम्ही... इतकं केलंय."

पलंगामागं रंगाला ताटाएवढा फुगा आला होता. मी बोट लावलं. रंग फुटला आणि आतून गार पाणी मनगटापर्यंत आलं. रंगाच्या मागं सगळं काळंच होतं.

तिला ओट्यावर आणलं. तनुजानं परत पंप दिला, पाठ चोळली, अर्ध्या तासानं श्वास खाली बसला. मीच तनुजाला म्हणलो, "बॅग भर." पूजा मांडायची राहिली. तनुजा चपला घालत होती तेव्हा गल्लीत पहिले फटाके वाजायला लागले. मी दोघींना मध्यवर्ती बसस्टँडवर आणून कन्नडच्या गाडीत बसवलं. सणाचा दिवस, गाडी अर्धी रिकामी. सायली खिडकीशी बसून मला हसून दाखवत होती. मला समोर बघवेना. मी गाडीच्या चाकाकडं बघत उभा राहिलो.

गाडी गेली तरी मी स्टँडवरच बसून राहिलो. घरी जाऊन करायचं काय? तासाभरानं फोन वाजला.

"पप्पा, खुलताबादचा घाट चढला, इकडं मस्त गार हवा आहे, मला आता काहीच होत नाय, आणि मम्मी म्हणते मामानं किल्ला केलाय अंगणात, तुम्ही जेवून घ्या बरं का!"

हे सगळं ती एका दमात बोलली. कुठं थांबली नाय. दुपारपासून मी तिचं असं बोलणं ऐकलंच नव्हतं.

"सायली," मी म्हणलो, "आता तू त्या घरी येऊ नको, माय. मीच येत जाईन तिकडं."

मला वाटलं रडंल. हट्ट करंल, माझी खोली म्हणंल.

"बरं," ती म्हणाली.

तिला हायसं वाटलं होतं. तिनं आवाजात लई लपवलं, पण मला कळलं.