मेलेल्याचं पाकीट

शिंग काकांनी हातात लाल पाकीट कोंबलं आणि आ-लिन चपापली. हाँगकाँगच्या स्टंटवाल्यांमध्ये शूटिंगच्या दिवशी शकुनाचे पैसे घातलेलं असं पाकीट पडद्यावर मरणाऱ्याला देतात, अपशकुन टळावा म्हणून. ती जिच्या जागी उडी मारणार होती, ती नायिका तर मासळीबाजाराच्या छतावरून उडी मारते, उठते आणि पळत सुटते.

"काका, मी मरत नाही हो या सीनमध्ये."

"राहू दे. ठेव."

काका स्टंटप्रमुख. तिला पडायला त्यांनीच शिकवलेलं. एरवी दहादा सूचना देणारा माणूस आज नजर चुकवून निघून गेला.

चाळीस वर्षांपूर्वीच्या गाजलेल्या चित्रपटातली ही उडी. नव्या चित्रपटात ती हुबेहूब हवी होती. तेव्हा खाली काहीच नव्हतं, नुसता रस्ता होता, असं अख्खं शहर सांगे. त्या एका उडीपायी आ-लिनसारखी कितीतरी पोरं या धंद्यात आली.

छताच्या काठावर उभी राहिली तरी पाकीट डोक्यातून जाईना. काका विसरले? ते विसरणाऱ्यातले नव्हेत. मग असं का केलं? खाली झेलायला रचलेल्या खोक्यांवर अंथरलेली रस्त्याच्या रंगाची ताडपत्री वरून कालच्यासारखीच दिसत होती. तरीही ती शिडीने खाली उतरली.

"आता काय?" दिग्दर्शक चॅन ओरडला. "ऊन सरकतंय!"

तिने ताडपत्री उचलली. पुठ्ठ्याच्या खोक्यांचा एकच थर. काल चार रचले होते.

"बाकीचे कुठे गेले?"

"ढीग चित्रात येत होता. रस्ता दिसायला हवा."

"मग रस्त्यालाच सांगा उडी मारायला!"

"मूळ उडीला एकही खोकं नव्हतं," चॅन म्हणाला. "तुला जमत नसेल तर दुसरी मुलगी आहे."

आ-लिन काकांकडे वळली. "तुम्हाला ठाऊक होतं."

"बोललो तर काम जाईल म्हणाले," काका पुटपुटले. "म्हणून पाकीट दिलं. म्हटलं, पोरगी शहाणी आहे, ओळखेल."

"आणि नसतं ओळखलं तर?"

काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "त्या उडीलाही चार थर होते. मीच रचले होते. कॅमेरा खाली वळवलाच नाही, म्हणून दिसले नाहीत. लोक म्हणत गेले, मीही गप्प बसलो."

"काहीतरीच!" चॅन म्हणाला.

पण गुडघ्यांना पट्टे बांधत असलेल्या दुसऱ्या मुलीचे हात थांबले होते. तिने त्या एका थराकडे पाहिलं, मग काकांकडे, आणि पट्टे सोडायला घेतले.