चारशे तीनचा स्वल्पविराम

तेलीबांध्याच्या त्या इमारतीत मालकांची यादी नव्यानं करायला घेतली, अन् कलावतीबाईच्या घरात एक नवरा घुसला.

यादी खाली फलकावर लावली होती. फ्लॅट चारशे तीन: कलावती, देवीदास गजभिये. मधे स्वल्पविराम. म्हणजे मालक दोन! सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून पाय झिजवून बाईनं एकटीनं हे घर घेतलं, तेव्हा देवीदास डोंगरगडला दुसरीच्या घरी पाय पसरून बसला होता. त्याचं नाव तेवढं हिच्या नावाला चिकटून राहिलं. बाईचं नुसतं नाव लिहायला आपल्या लोकांचा हात कापतो.

ती तडक सेक्रेटरी शालिग्रामच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"भैया, हा देवीदास मालक कधी झाला?"

"पति हैं ना आपके?"

"मधलं नाव आहे ते माह्यं! आमच्यात बाईच्या नावापुढं नवऱ्याचं लावतात. तुमच्या टायपिंगवाल्यानं एकाचे दोन केले."

शालिग्राम हसला. "तो दीदी, उनसे लिखवा लाइए कि उनका हिस्सा नहीं है. हटा देंगे."

बाईचं टाळकंच सणकलं. हिच्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हाही जो फिरकला नाही, त्याच्या दारात जाऊन आता सही मागायची?

"माह्यं घर माह्यं आहे, हे तो लिहून देणार? काहून?" तिनं पिशवीतून घराच्या खरेदीची रजिस्ट्री काढून टेबलावर आपटली. "हे पाहा. घेणाऱ्याचे फोटो किती? एक. अंगठा? एक. आता सांगा, मालक किती?"

शालिग्रामनं पानं उलटली, घसा खाकरला. "टाइपिंग की गलती है. एक कॉमा के लिए इतना गुस्सा?"

"काढा तो. माह्यासमोर काढा."

त्यानं काढला. देवीदास पुन्हा मधल्या नावापुरता उरला.

"घर में रहने वाले?"

"एक."

"इमरजेंसी में किसको फोन लगाएँ? पति का नाम भरा था, वो तो गया."

बाईनं आठवून पाहिलं. बहीण होती, ती मागच्या साली वारली. समोरचं दार सदा बंद. त्या घरच्यांना हिचं नाव कळलं असेल तर ह्या यादीवरूनच, अन् तेही चुकीचं.

"खाली नहीं छोड़ सकते, दीदी. कंप्यूटर आगे नहीं बढ़ता."

"माह्याच नंबर टाका."

"आपको ही कुछ हो गया तो? उठाएगा कौन?"

"कोणीच नाही. मंग समजून घ्या, अन् दार तोडा."

शालिग्रामनं नंबर टाकला, कागद छापून दिला. बाईनं उभ्या उभ्याच वाचला. नंबरातला एक आकडा चुकला होता. तो तिनं दुरुस्त करून घेतला, मगच सही केली.