सातवी रेघ

सहा रेघा बारीक, सातवी जाड, मग पुन्हा पाच बारीक — ओक्ताव्हची नजर त्या सातव्या रेघेवर ठेचकाळली ती उठेचना. रेमीच्या चित्रात मेज होतं. म्हणजे एकाच मेजाचे चार तुकडे चार बाजूंनी एकदम दिसत होते. ते ठीकच, गेली दोन वर्षं हे दोघे चित्रकार टेकडीवरच्या आपापल्या खोल्यांत दुसरं करत होते काय? पण तुकड्यांवर लाकूड होतं... ओल्या रंगावरून फणी ओढून उमटवलेल्या लाकडाच्या शिरा.

हीच युक्ती ओक्ताव्हच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून वाळत होती. सोमवारी ती चित्रांचा व्यापारी तिबो याला दाखवायची होती, आणि तिबो शुक्रवारीच इथे, रेमीच्या खोलीत, कॅनव्हास हुंगत उभा. त्याच्या दुकानाच्या काचेत पहिलं चित्र ज्याचं, शोधही त्याचाच.

"लाकूड! सुचलं कसं हो हे, मस्यू रेमी?"

"हात आपोआप फिरला," रेमी नम्रपणे म्हणाला. लेकाला नम्रता नेहमी उचलेगिरीनंतरच सुचायची.

फणी मंगळवारपासून सापडत नव्हती, आणि मंगळवारीच रेमी टर्पेंटाइन मागायला आला होता. ओक्ताव्हनं शेगडीखाली, गादीत, सुपाच्या भांड्यातसुद्धा शोधली होती... बापाची फणी. बाप रूआँ गावात घरं रंगवायचा. स्वस्त देवदाराच्या दारांचं फणीनं असं महागडं ओक लाकूड करायचा की सुतारपक्षी येऊन चोच मोडून घेत. एकदा फणी शिडीवरून पडली, सातवा दात गेला; तेव्हापासून तिथे रंग खरवडला न जाता जाड रेघ राहायची. नवी घ्या ना, बाबा. — असू दे रे, दारावर सही कोण करू देतं? — आणि म्हातारा अंधारात नुसत्या बोटानं आपलं दार ओळखायचा. आणि मी इथे सांगत फिरलो, वडील वकील आहेत म्हणून...

सही! दोघांनीच ठरवलं होतं, चित्रावर सही नको. चित्र कुणाचं ते चित्रानंच सांगावं.

मग चित्र सांगतच होतं की. ओक्ताव्हला हसू फुटायला लागलं. दाबावं तर कानांतून निघेल असं.

"आणि ही जाड रेघ!" तिबो चष्मा पुसत म्हणाला. "प्रत्येक पट्ट्यात, त्याच जागी. अख्खं चित्र तिच्यावर उभं आहे! मुद्दाम ठेवलीत?"

रेमीनं ती रेघ आता कुठे पाहिली. मग ओक्ताव्हकडे पाहिलं.

"सांग ना रे," ओक्ताव्ह गोड आवाजात म्हणाला, "कुठून आली ती?"

"ती... आपोआपच..."

"दर वेळी सातवीच?" तिबो ओक्ताव्हकडे वळला. "तुम्हाला ठाऊक दिसतंय?"

उत्तर जिभेवर होतं, भट्टीतून नुकत्याच निघालेल्या पावासारखं. एका वाक्यात रेमी आडवा झाला असता. पण ओक्ताव्हच्या डोळ्यांपुढे बाप आत आला होता — रंगानं बरबटलेल्या बुटांनी, टोपी न काढता — आणि तिबोच्या खांद्याला खांदा लावून आपलं दार बघत होता. त्याचं बघून होईपर्यंत घाई कसली... ओक्ताव्हनं बोट पुढे केलं आणि ओल्या रंगाला न शिवता, हवेतच, त्या रेघेवरून सावकाश फिरवलं — वरून खाली, आणि पुन्हा वरून.